दिगू, तू त्याचं नाव का घेतलं नाहीस

दिगू, तुझे अंगठे काही एकमेकांना बांधता आले नाहीत. मणिकर्णिकेला नेण्याआधी गुरुजींनी सुतळी गुंडाळली, ती सुटली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा सुटली. तुझी बोटं जवळ येत नव्हती हे त्यांना काय ठाऊक? मग त्यांनी जरा जोर लावला तशी मी ओरडले, "सोडा त्याचे हात. एकदा मोडलेत तेवढे पुरे." म्हातारी बहीण आहे, दुःखाने डोकं फिरलंय, असं वाटलं असेल त्यांना. वाटू दे. तू असतास तर ती सुतळी गुरुजींच्याच गळ्यात घातली असतीस.

आता रोज कोणी ना कोणी येऊन बसतं आणि सांगतं, पंडितजी संत होते. मी चहा देते आणि ऐकून घेते. संत म्हणे. गेलास त्याच दिवशी सकाळी तू पोह्यांची वाटी भिंतीवर मारलीस. हळदीचा डाग अजून तिथेच आहे, मी पुसलेला नाही. दुपारी मांडववाल्याशी भोंग्यावरून भांडता भांडता पायरीवर टेकलास, त्याला म्हणालास, "गधे, कान है कि छेद?" आणि तिथेच मान टाकलीस. तो बिचारा अजून म्हणतो की पंडितजी माझ्यामुळे गेले. मी त्याला सांगितलं, बाबा रे, ते चाळीस वर्षं असेच जात होते, तुझी पाळी आली इतकंच.

उत्सवाच्या मंडळाच्या लोकांनी मला सांगितलंय, अक्का, दोन शब्द लिहा. जन्म, शिक्षण, मानसन्मान. ते त्यांनाच लिहू दे. मी शाळेची पायरी चढलेली नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षर ओळखायला शिकले, मी बोलते तसंच लिहिणार. आणि लिहिणार तुलाच. कारण तुझं-माझं भांडण अर्धं राहिलंय. मला एकच गोष्ट विचारायची होती, ती मी सहा-सात वर्षं विचारत होते, त्या सकाळीही विचारली, म्हणून तर ती वाटी भिंतीवर गेली. आता उत्तर मिळालंय, पण तुझ्याकडून नाही.

आधी ऑर्गनचं सांगते. ज्यांनी तुला नंतर पाहिलं त्यांना तो ठाऊकच नाही. महाराष्ट्रातून एक नाटक कंपनी काशीला आली होती, आपण लहान होतो. मालक इथेच आजारी पडून वारला, मंडळी पांगली, आणि तो शिसवी बाजा आपल्या ब्रह्मा घाटावरच्या घरात खालच्या खोलीत राहिला, कारण तो गल्ल्यांतून परत कोण वाहून नेणार? तुझे पाय भात्यापर्यंत पोचत नव्हते. मी खाली बसून हातांनी भाता मारायची, तू वर वाजवायचास. मी थांबले की सूर मरायचा. तू वरून लाथ मारायचास, मी खालून पायाला चिमटा काढायची. आपलं गाणं असं सुरू झालं.

पुढे तू त्याच्या आतल्या पितळी जिभा बाहेर काढून कानसीने घासायला लागलास. विलायती बाजा आहे, याचा गंधार चढा बोलतो, म्हणायचास. घासून घासून उतरवायचास. अर्ध्या जिभा मोडल्यास, प्रत्येक मोडल्यावर कानस भिंतीवर फेकायचास. पण ज्या दिवशी तो गंधार लागला त्या दिवशी तू मला चुलीपुढून ओढून नेलंस आणि म्हणालास, ऐक. माझे हात पिठाचे. मला गाण्यातलं किती कळतं? पण पोटात काहीतरी खाली बसल्यासारखं झालं, एवढं खरं.

मग तू गाणी रचायला लागलास, आणि ती तरी कशी? चार गळे, चौघांचं वेगळं, खाली ऑर्गन, वर बशीरमियाँची सारंगी. मदनपुरा मोहल्ल्यातून ते सारंगी फडक्यात बांधून यायचे आणि तू ओरडलास की शांतपणे पान लावायचे. घाटावरचे लोक म्हणायचे, पंडितजी, ई गिरजाघर का बाजा बंद करिए, गंगाजी डर जाएँगी. तू बंद केलं नाहीस. उलट बाजा खोलीबाहेर काढून उत्सव सुरू केलास. कार्तिकात, घाटाच्या पायऱ्यांवर, आणि नियम असा की जुनं काही गायचं नाही. जे गायचं ते त्या वर्षी नवं रचलेलं.

पुण्याचे ते बडे गवई आठवतात? नाव लिहीत नाही. लोकांनी फर्माईश केली आणि त्यांनी गळ्यात बसलेली जुनी ठुमरी सुरू केली. तू उठलास आणि मायकची तारच उपटलीस. चहाच्या मातीच्या कुल्हडांचा पाऊस पडला. एक तुझ्या कपाळावर फुटला, तू दुसरा उचलून परत मारलास. उत्सवाचा मुख्य माणूस मंचावरून श्रोत्यांना कुल्हड मारतोय, असं दुसऱ्या कुठल्या गावात होणार नाही. नंतर घरी मी गवयांना पुरणपोळी वाढली. ते हळूच मला म्हणाले, "हे नेहमी असेच?" मी म्हटलं, "आज बरे आहेत."

हसायला येतं. पण पूर्ण हसता येत नाही, दिगू, कारण तुझा हात फक्त कुल्हडांवर नव्हता. तू पोरांना मारायचास. ठेका चुकला, कानाखाली. सूर घसरला, कानाखाली. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची आणि माझी पोळी करपायची. मी तुला कितीदा म्हटलं, मारायचंच तर पाठीत मार, गाणाऱ्या पोराच्या कानावर कसला मारतोस? तू म्हणायचास, मला असंच शिकवलंय, सूर कानातून आत जात नसेल तर कान उघडावाच लागतो. एवढा मोठा सुरांचा जाणकार, आणि हे बोलायचास.

त्या पोरांत त्रिभुवन होता. इथलाच, पोस्टमनचा मुलगा. आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. मला बुआ, म्हणजे आत्या म्हणायचा, गुरूची बहीण म्हणून. तूच एकदा जेवताना म्हणालास, अक्का, या पोराचा कान माझ्याहून तिखट आहे, मला न कळलेला फरक याला कळतो. असं तू कोणाबद्दलच बोलला नव्हतास. मी त्या दिवसापासून त्याच्या ताटात तूप जास्त वाढायला लागले. आणि मग एक दिवस तो यायचा बंद झाला. मी विचारलं तर म्हणालास, हाकलून दिला, बेसूर होता. मला ते पटलं नाही. पण तुझा चेहरा असा होता की पुढे विचारलं नाही.

पुढे कधीतरी तो गल्लीत दिसायचा, कपाळावर टिळा, बरोबर चार-सहा जण, मोटारसायकल. मला पाहून मान वळवायचा.

मग ते दिवस आले जेव्हा शहरात दंगलींमुळे कर्फ्यू लागत होता आणि सुटत होता. संध्याकाळचा उत्सव तू दुपारी घेतलास. सगळे म्हणत होते यंदा नको. बशीरमियाँ स्वतः म्हणाले, पंडितजी, इस साल रहने दीजिए. तू म्हणालास, सारंगीशिवाय माझी रचना म्हणजे भाताशिवाय वरण, तुम्ही आलात तर उत्सव, नाहीतर मी ऑर्गन गंगेत ढकलतो. ते आले. तुझ्यासाठी आले.

मी वरच्या खिडकीत होते. मला सगळं दिसलं, आणि मला ते विसरायला सांगू नकोस. वरच्या गल्लीतून माणसं उतरली. घोषणा होत्या, काठ्या होत्या. पुढे त्रिभुवन. तो म्हणाला की हा सारंगीवाला मंचावरून उतरेल, मग काय ते वाजवा. तू उठलास. एक शब्द बोलला नाहीस. बसायचं स्टूल उचललंस आणि सगळ्यात जवळ होता त्याच्या डोक्यात घातलंस. रक्ताची चिळकांडी बाज्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उडाली. मग त्यांना काय, तेवढंच हवं होतं. बशीरमियाँना कुडत्याला धरून पायऱ्यांवरून ओढत नेलं, त्यांचा खांदा प्रत्येक पायरीवर आपटत होता, आणि मला वरून तो आवाज येत होता, कपडे आपटल्यासारखा. सारंगी त्यांनी पायाखाली घेतली. आणि तुला ऑर्गनवर वाकवलं, दोन्ही हात पट्ट्यांवर दाबून धरले, वरून झाकण पाडलं, आणि त्रिभुवन त्या झाकणावर चढला. चढून उडी मारली. तू ओरडलास. भात्यात राहिलेली हवा होती की काय कोण जाणे, तो बाजाही ओरडला, सगळे सूर एकदम. मग त्यांनी तोही फोडला.

मी जिना उतरून येईपर्यंत घाट रिकामा होता.

इस्पितळात पोलीस ठाण्याचा दरोगा आला. त्याने विचारलं, कोण होतं? तू म्हणालास, अंधार होता, दिसलं नाही. मी म्हटलं, साहेब, दुपारचे चार वाजले होते. तू माझ्याकडे असं बघितलंस, दोन्ही हात प्लास्टरमध्ये, तरी मला वाटलं मारतोयस. दरोगा गेल्यावर म्हणालास, "अक्का, त्याचं नाव तुझ्या तोंडातून निघालं तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही." बशीरमियाँनीही नाव घेतलं नाही. पंडितजी नहीं बोले तो मैं कौन बोलने वाला, म्हणाले. आणि मी गप्प बसले. पण घरात गप्प बसले नाही, हे तुला माहीत आहे.

दर वर्षी विचारलं. घाबरलास का? मोठेपणा करतोस का? माफ केलंस का त्याला? माफ केलं म्हटलं की तू खवळायचास. म्हणायचास, तो माझ्या मंचावर पाय ठेवील त्या दिवशी तिथे माझं मढं असेल. मग नाव का घेत नाहीस? ताट उडायचं. वाटी उडायची. मोडक्या हातांनी सुद्धा तुला भांडी नीट फेकता यायची, पेटी मात्र वाजवता यायची नाही.

तरी तू रचत राहिलास. तू गुणगुणायचास, वाकड्या बोटांनी पाटावर ठोकायचास, मी सा रे ग म लिहून घ्यायची. चुकीचं लिहिलं की ओरडायचास. माझ्यावर हात मात्र कधी उगारला नाहीस. मला वाटायचं, मार खाऊन शहाणा झालाय. उत्सव पुन्हा सुरू केलास, बाज्याशिवाय, आणि मंचावर बशीरमियाँच्या जागी पांढरी चादर अंथरून ठेवायचास. ते घरी यायचे, पान खायचे, तुझ्या चाली ऐकायचे. घाटाच्या पायऱ्या कधी उतरले नाहीत.

तर तू गेलास आणि मंडळाची मुलं माझ्याकडे आली. म्हणाली, यंदाचा उत्सव पंडितजींच्या आठवणीत करू, मांडव-भोंगा सगळं त्रिभुवनजी देणार आहेत, मोठे ठेकेदार आहेत आता, फोटोसमोर दिवा तेच लावतील. तुम्ही हो म्हणा, मागे तुम्हीच एक राहिलात. त्या मुलांना काही ठाऊक नव्हतं. घाटावर ज्यांनी पाहिलं ते आणि आपण, सगळेच तर तोंडं शिवून बसलो होतो. मी म्हटलं, त्याला एकट्याला माझ्याकडे पाठवा.

तो तेराव्यानंतर आला, भर दुपारी. केस पिकलेत. चपला बाहेर काढल्या, जमिनीवर बसला. मी सुंठ कुटत होते. मी मान वर न करता विचारलं, काय हवंय तुला. तो गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. मला वाटलं माज आहे. मग त्याने जागा बदलली, माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "बुआ, इधर से बोलिए. बाएँ कान से सुनाई नहीं देता."

मी विचारलं, कधीपासून? खरं सांगते दिगू, विचारतानाच मला कळलं होतं.

"गुरुजी के थप्पड़ से. खून आया था. फिर सीटी बजती रही, बरसों. अब वो भी नहीं बजती."

मी विचारलं, गुरुजींना ठाऊक होतं?

"बताने आया था, बुआ. यहीं, इसी चौखट पर. मैंने कहा, गुरुजी, एक तरफ का सुर चला गया. बोले, बेसुरे के लिए एक कान बहुत है."

दिगू, हे तू बोललास? ज्याचा कान तुझ्याहून तिखट होता त्याला? आणि मग घरात येऊन माझ्या हातची आमटी जेवलास? म्हणजे ती सगळी वर्षं तू नाव घेत नव्हतास ते यासाठी. दरोग्याला त्याचं नाव सांगितलं असतंस तर त्याने तुझी थप्पड सांगितली असती. की तुला वाटत होतं की हात गेले म्हणजे फिटलं? कोणतं ते मला आता कधीच कळणार नाही आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तुझ्या अस्थी मी आधीच गंगेत सोडल्या होत्या, हे ऐकलं त्या क्षणी वाटलं पाण्यात उतरून परत गोळा कराव्यात आणि तुला समोर बसवून जाब विचारावा.

पण तो माझ्यासमोर होता, तू नव्हतास. मी म्हटलं, त्याने तुझा कान घेतला, तू त्याचे हात घेतलेस. आणि बशीरमियाँनी काय केलं होतं?

तो खाली बघत म्हणाला, "उनसे कोई दुश्मनी नहीं थी, बुआ. वो तो बहाना थे."

त्याचा हात फरशीवर टेकलेला होता, पाचही बोटं पसरलेली, अंगठ्या घातलेली. बत्ता माझ्या मुठीत होता. मी तो उचलला. त्याने पाहिलं आणि हात काढला नाही. मला तुझी शपथ, मी तो खाली आणला तेव्हा कुठे पडणार हे मला माहीत नव्हतं. खलात पडला. सुंठ उडून दोघांच्या डोळ्यांत गेली, आणि आम्ही दोघं डोळे चोळत बसलो, कोण रडतंय ते कोणाला कळू नये अशी चांगली सोय झाली.

मग मी त्याला सांगितलं. दिवा तू लावायचा नाहीस. फोटो कोणाचाच ठेवणार नाही, तुझ्या गुरूचाही नाही. मांडव नको, भोंगा नको. पायऱ्या सगळ्यांच्या आहेत, यायचं असेल तर येऊन बस, नावाडी बसतात तसा. मंचावर बशीरमियाँ असतील, ते आले तर.

त्याने विचारलं, आणि माफी?

मी म्हटलं, "जी त्याने द्यायची होती ती तो घेऊन गेला, आणि जी त्याने तुझ्याकडे मागायची होती तीही घेऊन गेला. माझ्याकडे तुम्हा दोघांसाठी काही नाही."

मदनपुऱ्याला मी स्वतः गेले. त्यांना सगळं सांगितलं, की तो पायऱ्यांवर असेल. म्हटलं, या किंवा येऊ नका, माझा आग्रह नाही. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. त्यांना कानाचं ठाऊक होतं. थप्पड बसली त्या दिवशी मी तिथेच होतो, जिज्जी, असं म्हणाले. मग विचारलं, शेवटची चाल कोणती? मी मला येते तशी गुणगुणले. ते म्हणाले, खांदा वर जात नाही आता.

पण आले, दिगू. उत्सवाच्या दिवशी ऊन कलताना फडक्यात नवी सारंगी बांधून आले. पायऱ्या उतरताना मी हात पुढे केला, त्यांनी धरला नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरले. मंचावर बसले, सूर मिळवायला लागले. मुलं मागे उभी होती, चौघं, घाबरलेली. मी समोर होते.

त्रिभुवन आला आणि अगदी टोकाला बसला, नावाड्यांपलीकडे. मंच त्याच्या डाव्या हाताला येत होता. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी दिलं.

बशीरमियाँनी गज उचलला. खांदा आडला, गज खाली आला. पुन्हा उचलला, पण तारेवर ठेवला नाही. त्यांना तो दिसला होता. मला वाटलं, हे आता उठून जाणार, किंवा काही बोलणार आणि पुन्हा तेच सगळं होणार.

"त्रिभुवन," ते म्हणाले. मायक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "वहाँ से उठ. इस तरफ आके बैठ. उस कान से क्या सुनेगा."

तो उठला. सगळ्यांच्या समोरून त्याला जावं लागलं, पायऱ्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी विचारलंही, काय झालं कानाला? त्याने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, उजवा कान मंचाकडे करून. मग बशीरमियाँनी तुझी चाल सुरू केली आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

चाल चांगली आहे, दिगू. लोक रडले. मी रडले नाही, मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. ते कानाचं एक वाक्य तुझं होतं, तू बोलायला हवं होतंस. इतकी वर्षं तुझ्या तोंडात अडकून होतं, आणि ज्याला पायऱ्यांवरून ओढत नेलं त्याला ते बोलावं लागलं.